मंगळवारच्या उन्हावरची गाडी

टिकटिककाका सलग सातव्यांदा उड्डाणपुलावरून गेले, तेव्हा पुलाखालच्या चावीवाल्याने दुकानातून मान बाहेर काढली.

"काय हो काका, वर काही सांडलंय का तुमचं?"

काकांनी काच खाली केली. "अरे, चढताना काटा केसभर खाली येतो. उतरताना केसभर वर जातो."

"मग?"

"मग काय मग? वर जातो, म्हणतोय मी. उतारावर गाडी वीज खात नाही, वीज करते." आणि काका आठव्यांदा पुलावर गेले. चावीवाल्याने समोरच्या चहावाल्याकडे पाहून कानाजवळ बोट गोल फिरवलं. चहावाल्याने त्याला मनापासून दुजोरा दिला.

एक्केचाळीस वर्षं या माणसाने घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर काकांना श्वास आखूड घ्यावा लागे. उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा, पुढ्यात पांढरं कापड. कोणी बोलत असलं की काका मान हलवत, सेकंदाला बरोबर दोनदा. त्यावरून टिकटिक हे नाव पडलं, आणि खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं. मोबाइल आल्यावर लोकांची मनगटं रिकामी झाली, दुकान बंद झालं, पण मान काही थांबली नाही.

आता गाडीची गोष्ट. ती काकूंच्या पोटापासून सुरू होते.

काकूंना पेट्रोल-डिझेलचा वास सहन होत नसे. सहन होत नसे म्हणजे काय, तर बस सुटायच्या आधीच त्यांच्या हातात पिशवी असे. "अहो, सुटली का?" असं त्या डोळे मिटून विचारत, आणि कंडक्टरने घंटी मारली की त्यांचं पोट पिशवीत उलटे. न ओकण्याचा आजवरचा विक्रम अकरा मिनिटांचा होता, तोही खिडकीतून मान बाहेर काढून. त्यामुळे अठ्ठावन्न किलोमीटरवर, डोंगरावरच्या गावात राहणाऱ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला त्यांनी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. फोन होता, पण फोनवर ताई म्हणजे नुसता आवाज, आणि तो आवाज आयुष्यभर शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. अख्खं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे. "बरी आहेस? जेवलीस? ठेव आता," एवढ्यात त्यांचं प्रेम उरकत असे.

मग एके दिवशी बाई फोनवर म्हणाल्या, "हल्ली मधलं दिसत नाही मला. कडेचं दिसतं. समोरच्या माणसाचं तोंड बघायचं तर त्याच्या कानाकडे बघावं लागतं. हसू नकोस."

काकू हसल्या नाहीत. फोन ठेवून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"अहो, मला ताईला इथे आणायचंय. कायमची. एकटी राहते ती. घरातल्या घरात पावलं मोजत फिरते म्हणाली. आणि आणायला मीच जाणार. फोनवर ती ऐकायची नाही."

"जाशील कशाने?" काका म्हणाले.

त्या "कशाने"वर घरात महिनाभर दुसरं बोलणं नव्हतं.

उत्तर दाताच्या डॉक्टरांकडे मिळालं. त्यांच्या दिवाणखान्यातलं लंबकाचं घड्याळ दुरुस्त करायला काका गेले, तर गॅरेजात धुळीखाली एक पांढरी, दोन दारांची, बुटकी विजेची गाडी तीन वर्षं पडून होती. पुढे दोघं ऐसपैस, मागे एक जण गुडघे हनुवटीला लावून. "बॅटरी गेली हो तिची," डॉक्टर म्हणाले. "घड्याळ चालू करून द्या आणि ही उचलून न्या. मला जागा होईल."

काकांनी बोनेट उघडलं. आत तेल नाही, काजळी नाही, वास नाही. त्यांनी नाक जवळ नेऊन पुन्हा हुंगलं. कशाचाच वास नाही. त्यांची मान सेकंदाला दोनदा हलायला लागली.

गल्लीतला वायरमन हा काकांचा जुना दोस्त. त्याचं प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणाहून निघे. "मी आधीच सांगून ठेवतो, काका, ही घड्याळाची बॅटरी नाही. यात उघडा हात घातलात तर तुमचंच घड्याळ थांबेल."

"म्हणून तर तुला बोलावलं."

"मी आधीच सांगून ठेवतो, मी हातमोजे घातल्याशिवाय झाकण काढणार नाही. आणि तुम्ही मी सांगेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही."

झाकण निघालं. आत शहाण्णव सेल, ओळीने, एकमेकांना खेटून. वायरमनने ते एकेक करून सोडवले, आणि काकूंची सणासुदीची पांढरी चादर दिवाणखान्यात जमिनीवर पसरली गेली. तीन आठवडे त्या घरात माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी प्रत्येक सेलवर बारीक कुंचल्याने आकडा घातला, प्रत्येकाला भरलं, रिकामं केलं, पुन्हा भरलं, आणि वहीत लिहिलं. काकू भिंतीला चिकटून स्वयंपाकघरात जात. "सदतिसाव्या साहेबांची तब्येत कशी आहे आज?" असं जाता जाता विचारत.

निघालं ते असं, की मेलेले होते फक्त चौदा. उरलेले ब्याऐंशी ठणठणीत होते, पण त्या चौदांपायी सगळी गाडी आडवी झाली होती.

"म्हणजे एका दातापायी अख्खं चक्र अडतं तसं," काका म्हणाले. त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं. अपघातात चेपलेल्या तशाच एका गाडीतून चौदा सेल मिळाले. ते बसले. गाडी पहिल्यांदा चालली तेव्हा कळलंच नाही की चालली. काकांना वाटलं घर मागे सरकतंय.

मग छतावर आठ सौर पॅनेल आले. काकांनी आठवडाभर छतावर खडूने सावल्या आखल्या. तीन वाजता पाण्याची टाकी दोन पॅनेलवर सावली टाकते हे कळल्यावर टाकी हलवली. पॅनेल आणि गाडी यांच्यामध्ये एका जुन्या घड्याळाचं यंत्र बसवलं, दहाला चालू आणि चारला बंद. गाडीने ऊन असेल तेव्हाच खायचं, असा घरचा नियम. गाडीतला आकड्यांचा पडदा काकूंना वाचता येईना, म्हणून तो काढून तिथे भिंतीवरच्या घड्याळाची मोठी तबकडी बसवली. शून्य ते दहा आकडे, एक जाडजूड काळा काटा. आणि वायरमनने हट्टाने मागे एक सॉकेट काढलं, म्हणजे गाडीतली वीज घरातल्यासारखी बाहेर घेता येईल. "मी आधीच सांगून ठेवतो, लागेल कधीतरी."

काकू पहिल्यांदा आत बसल्या त्या पिशवी घेऊनच. काका बाजारापर्यंत गेले, स्टेशनपर्यंत गेले, तळ्याला वळसा घातला. काकूंनी डोळे मिटलेले. चाळीस मिनिटांनी त्यांनी एक डोळा उघडला.

"अहो, सुटली का?"

"परत आलो आपण."

काकू बराच वेळ हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघत बसल्या. मग ती घडी घालून त्यांनी पर्समध्ये ठेवली. डोळे पुसले की नाही ते काकांनी पाहिलं नाही. ते तबकडीकडे बघत होते, कारण काटा जेमतेम हलला होता.

मंगळवारी आभाळात नावालाही ढग नव्हता. एरवी सेल म्हातारे म्हणून काका आठावरच भरणं थांबवत. त्या दिवशी दहापर्यंत जाऊ दिलं. सहा तास गाडी अंगणात उभी राहून ऊन प्यायली. आवाज नाही, धूर नाही. काका दर अर्ध्या तासाने जाऊन काटा बघून येत, जसं कोणी पाळण्यात बघून येतं.

बुधवारी ते डोंगर चढले. काटा उतरत गेला, घाटात तर भराभर. वर पोचले तेव्हा तो दोनाच्या अलीकडे होता. काकू गाडीतून उतरल्या, त्यांचं पोट जागच्या जागी होतं, आणि फाटकात मोठ्या बाई उभ्या होत्या, मान जराशी वळवून, काकूंच्या कानाकडे बघत.

"जाड झालीस," बाई म्हणाल्या, आणि चाचपत काकूंचा हात धरून त्यांना आत घेऊन गेल्या.

रात्रीच्या जेवणानंतर काकूंनी विषय काढला. बाईंनी ऐकून घेतला. मग आपल्या अटी वर्गात फळ्यावर लिहाव्यात तशा सांगितल्या.

"एक. मी ओझं म्हणून कुठेही जाणार नाही. दोन. या खेळण्यात बसून खाली यायला तयार आहे. तीन. घाटात एकदा जरी मला वाटलं की गाडी यांच्या हातात नाही, तर तिथून उलट फिरायचं, मला घरी सोडायचं, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांची मान थांबली होती. "कबूल," ते म्हणाले.

गाडी बाईंच्या ओसरीवरच्या प्लगला लावली होती. पहाटे काटा आठावर आलेला बघून काकांनी वायर काढली आणि आंघोळीला गेले. साडेनऊला निघताना पाहिलं तर काटा दहावर. काकांना नवल वाटलं, पण बरंच वाटलं. जास्त आहे, कमी तर नाही ना?

बाई पुढे बसल्या, काकू मागे गुडघे दुमडून. गाव संपलं, रस्ता खाली वळला. एरवी काका पाय उचलत, आणि गाडी आपणहून मागे ओढल्यासारखी सावकाश होई. आज पाय उचलला, आणि काहीच झालं नाही. गाडी नुसती घरंगळली. उतार तिला ओढत होता, आणि तिला कोणी धरलेलं नव्हतं.

काकांनी ब्रेक दाबला. धरला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला जास्त दाबावा लागला. तिसऱ्या वळणावर चाकांकडून जळका वास आला. तीन वर्षं गॅरेजात पडलेले ब्रेक ते, त्यांच्यावर तीन माणसांचा घाट उतरायचा म्हणजे जिवाशी खेळ. चौथ्या वळणाआधी जरा सपाटी होती, एका रोपवाटिकेसमोर. काकांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि हात मांडीवर ठेवले.

आरशात काकूंचा चेहरा दिसत होता. एक शब्द पुरला असता. "इंजिन तापलंय," म्हटलं असतं तरी चाललं असतं. इंजिन नाही हे बाईंना थोडंच माहीत होतं? काकूंचे डोळे तेच म्हणत होते. सांगू नका.

"ताई," काका म्हणाले, "गाडी आत्ता माझ्या हातात पूर्ण नाहीये."

मागून काकूंनी श्वास सोडला, तो सात वर्षांचा होता.

बाईंनी मान वळवून काकांच्या कानाकडे पाहिलं. "का?"

"अजून कळलेलं नाही."

"मग कळल्यावर सांगा. फिरायचं की नाही ते मी त्यानंतर ठरवीन. कारण न कळता दिलेला निकाल मी शाळेतही कधी दिला नाही."

काका उतरून कठड्यावर बसले. खाली दरी, वर डोंगर, मध्ये एक घड्याळवाला. काल सकाळी घरून निघाल्यावर पहिल्या सिग्नललाही पाय उचलल्यावर अशीच घरंगळली होती, हे त्यांना आठवलं. दोन-तीन चौक गेल्यावर नीट झाली. काल सकाळीही काटा दहावर होता.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ कानाशी नेलं. चावी न देता चालणारं घड्याळ. हात हलला की आतली स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. असली हजारभर घड्याळं त्यांनी उघडली होती. आणि त्या स्प्रिंगचं शेवटचं टोक कडीसारखं अडकवलेलं नसतं, नुसतं टेकवलेलं असतं. का? तर स्प्रिंग पूर्ण भरली की ते टोक घसरावं म्हणून. भरलेल्या स्प्रिंगला अजून भरायला गेलात तर ती घेत नाही. नुसतं घसरतं.

काका उभे राहिले. मान चालू झाली होती.

"ताई, उतारावर ही गाडी स्वतःला धरते ती वीज करून. ती वीज बॅटरीत जाते. पण बॅटरी काठोकाठ भरलीय. घ्यायला जागाच नाही, म्हणून धरत नाही. मी एवढी भरली नव्हती. पहाटे आठावर काढली होती."

मग बाई म्हणाल्या, त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच जरा हळू, "मी पुन्हा लावली. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. म्हटलं, दारात आलेल्याला अर्ध्या पोटी कसं पाठवायचं."

मागे काकूंना हसू आलं. दाबलं, तर नाकातून आलं.

"हसू नकोस," बाई म्हणाल्या. "म्हणजे चूक माझी. बरं. पोट भरलंय, तर थोडं कमी करा. कसं करतात?"

"दिवे, पंखा, सगळं लावून दोन-तीन तास बसायचं. एवढीच..."

एवढ्यात रोपवाटिकेचा मालक दोन हातांत दोन डबे घेऊन वर आला. पाणी हिंदकळत होतं आणि तो ते कोणालातरी ऐकवत चढत होता. "बघा हं, गावात लाइट आहे, पण आमच्या लाइनवर काल संध्याकाळपासून नाही. बघा हं, चार हजार रोपं. विहीर खाली, पंप बंद, आणि हा माणूस डब्याने पाणी घालतोय. बघा हं, गाडी इथे लावलीत तर चालेल, पण फार वेळ नको."

काका तोंड उघडेपर्यंत काकूंनी मागून डोकं बाहेर काढलं.

"अहो, त्यांना हवीय आणि आपल्याला नकोय."

माणसाला सगळं कळलेलं असतं आणि तरी उत्तर बायकोने सांगावं लागतं. काकांनी मागचं सॉकेट उघडलं. मालक पंपाची लांब वायर घेऊन आला, पण चेहऱ्यावरचं "बघा हं" काही गेलं नव्हतं. "या डबीने? बघा हं, हा एक हॉर्सपॉवरचा आहे." काकांनी बटण दाबलं. खालून पंपाची घरघर आली. नळीने आधी खोकून हवा बाहेर टाकली, मग दोन थेंब, आणि मग चार हजार रोपांवर पाण्याचा फवारा उघडला.

मालकाने गाडीभोवती एक फेरी मारली. बोनेटला हात लावला. गार. खाली वाकून पाहिलं. काही नाही. धूर नाही, आवाज नाही. एक पांढरी बुटकी गाडी, स्वस्थ उभी, आणि तिच्यातून डोंगरावर पाणी चढत होतं. तो "बघा" म्हणाला आणि पुढचा "हं" विसरला.

सव्वा तास पंप चालला. बाई पुढच्या सीटवर ताठ बसून होत्या, तबकडीच्या बाजूला नजर लावून, म्हणजे तबकडी बघत होत्या. जाड काटा त्यांना कडेने दिसत होता. "नवावर आला," त्या म्हणाल्या. "पुरे?"

"पुरे. ब्रेकही गार झालेत." काकांनी वायर काढून मालकाच्या हातात दिली. "ताई, वर फिरवू की खाली?"

"आधी एक वळण. मग सांगते."

चौथं वळण. काकांनी पाय उचलला. गाडीने स्वतःला धरलं, जसं उतारावर कोणी मागून पदर धरावा. ब्रेकला पायही लागला नाही. पाचवं वळण, सहावं. बाई दरीच्या बाजूला पाहत होत्या, म्हणजे काटा बघत होत्या.

"वर चाललाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"आपण खाली चाललोय, आणि हा वर चाललाय."

"हो, ताई."

"कसं?" आणि मग, कारण त्या मोठ्या बाई होत्या, "नीट सांगा. आठवीतल्या मुलीला सांगावं तसं."

काकांनी सांगितलं. मंगळवारी छतावर ऊन पडलं. ते सेलमध्ये साठलं. बुधवारी त्या उन्हाने आम्हां दोघांना आणि गाडीला उचलून एवढ्या उंचीवर नेऊन ठेवलं. म्हणजे ऊन संपलं नाही. त्याची उंची झाली. आता आपण खाली येतोय तर त्या उंचीची पुन्हा वीज होतेय. सगळी नाही. पण होतेय.

काकू मागून हळूच म्हणाल्या, "म्हणजे आपण परवाच्या उन्हावरून घसरतोय?"

काकांना इतकं नेमकं सांगता आलं नसतं. "हो," ते म्हणाले. "ताईंचं वजन मात्र आयतं मिळालं. ते उन्हाने चढवलेलं नाही."

"जास्त बोलू नका," बाई म्हणाल्या, "पुढे वळण आहे." पण त्यांच्या गालाची एक बाजू हलली.

मग घाट उतरत राहिला. झाडं वर सरकत होती, चाकांचा बारीक सू-सू आवाज, आणि एक काळा काटा, घड्याळात कधी फिरत नाही एवढ्या संथपणे, नवावरून साडेनवाकडे. एक्केचाळीस वर्षं काकांनी काटे फिरवले होते, पण ते सगळे काटे जे गेलं ते मोजत होते. हा परत आलेलं मोजत होता. काकांना वाटलं हे कोणाला तरी सांगावं, पण शेजारी बाईही तेच बघत होत्या, आणि आरशात काकूही, तेव्हा सांगायला कोणी उरलंच नव्हतं.

पायथ्याला काकांनी सावलीत गाडी थांबवली. अट अट होती.

"ताई, वरच्या तीन वळणांवर गाडी माझ्या हातात नव्हती. तुम्ही म्हणाला होतात..."

"मला माहीत आहे मी काय म्हणाले होते. दुसऱ्या वळणाला माझे पाय गार पडले होते. तुम्ही खोटं बोलला असतात तर मी आत्ता वरच्या रस्त्यावर पायी चालत असते." बाईंनी पट्टा सैल करून घेतला. "माझं शिसवी कपाट वर राहिलंय. पुस्तकं आहेत त्यात. मला वाचता येत नाहीत, हिला येतात. उद्या ती आणायला यायचं."

मागे काकूंनी तोंडावर पदर धरला.

काकांनी मान वर करून आभाळ पाहिलं, मग काटा पाहिला, मग मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला.

"उद्या नको, ताई," ते म्हणाले. "परवा. एक दिवस ऊन खाऊ दे तिला."